मोठ्या मॉन्स्टरसमोर पार्टी का आडवी होते: तयारी, पायऱ्यांचा क्रम आणि नेहमीच्या चुका

डंजन्स अँड ड्रॅगन्स हा टेबलाभोवती बसून, फासे टाकून खेळायचा खेळ. प्रत्येक खेळाडूचं एक पात्र, आणि सगळी पात्रं मिळून पार्टी. गुहेचं तोंड दिसतं, इनिशिएटिव्ह (पाळ्यांचा क्रम ठरवणारा फासा) पडतं. फायटर पहिल्याच पाळीत थेट तांबड्या ड्रॅगनच्या अंगावर धावतो. विझर्ड सगळ्यात आवडता फायरबॉल टाकतो, आणि डीएम (खेळ चालवणारा, मॉन्स्टर हलवणारा) शांतपणे सांगतो की आगीचा याच्यावर काहीही परिणाम होत नाही. दुसऱ्या फेरीच्या शेवटी दोघे जमिनीवर असतात आणि टेबलावर फाशांना शिव्या सुरू होतात.

मी खेळाडूंच्या बाजूला बसून अशा लढाया हरलो आहे आणि डीएमच्या खुर्चीतून त्याहून जास्त हरताना पाहिल्या आहेत. फासे क्वचितच दोषी असतात. मोठ्या एकट्या मॉन्स्टरशी लढताना लोक 'किती डॅमेज देता येईल' एवढाच हिशोब करतात. खरा हिशोब मॉन्स्टरच्या किती पाळ्या वाया घालवता येतील आणि आपल्या किती वाचवता येतील, याचा असतो. खालचे टप्पे त्याच क्रमाने लावले आहेत. क्रम बदलू नका. बहुतेक चुका क्रमाच्याच असतात.

आकडे डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीतले, 2014 च्या नियमांप्रमाणे आहेत. तुमचं टेबल 2024 च्या नव्या नियमांवर गेलं असेल तर मॉन्स्टरचे आकडे आणि काही नियम बदललेले आहेत. जिथे फरक महत्त्वाचा आहे तिथे सांगतो. 'पाळी' म्हणजे एका पात्राचा टर्न, 'फेरी' म्हणजे सगळ्यांची एकेक पाळी.

## टप्पा 1: आधी माहिती, मग शस्त्र

बहुतेक पार्ट्या माहिती काढतात म्हणजे गावात जाऊन "ड्रॅगनबद्दल काय माहीत आहे?" असं विचारतात. डीएम दंतकथा सांगतो, सगळे माना डोलावतात, आणि हाती काहीच लागत नाही. प्रश्न नेमके हवेत. हे पाच प्रश्न कागदावर लिहून घ्या:

1. कोणत्या प्रकारच्या डॅमेजचा याच्यावर परिणाम होत नाही किंवा अर्धाच होतो?
2. याचा सगळ्यात कच्चा सेव्हिंग थ्रो (परिणाम टाळण्यासाठी टाकायचा फासा, थोडक्यात 'सेव्ह') कोणता?
3. हा हलतो कसा? उडतो, पोहतो, जमिनीतून जातो, भिंतीवर चढतो?
4. एकाच वेळी अनेकांना लागणारा याचा हल्ला कोणता, आणि त्याचा आकार केवढा?
5. याचे हिट पॉइंट (किती मार झेलता येतो तो आकडा) शून्यावर आले की नक्की काय होतं?

पाचवा प्रश्न हमखास विसरला जातो आणि तोच पुढे सगळ्यात महाग पडतो. त्याकडे शेवटच्या टप्प्यात येऊ.

उत्तरं मिळवायचे रस्ते तीन. पहिला, अर्काना, नेचर किंवा रिलिजनसारख्या कौशल्यांची चाचणी मागायची, पण प्रश्नासकट: "मी वाचलेल्या ग्रंथांत याला कशाने मारल्याचा उल्लेख आहे का?" दुसरा, जो याच्या तावडीतून सुटला त्याला गाठायचं आणि मॉन्स्टर कसा दिसत होता यापेक्षा त्याने पहिल्या क्षणी काय केलं ते विचारायचं. तिसरा, खुणा वाचायच्या. जळालेली झाडं किती रुंद पट्ट्यात जळाली आहेत, यावरून श्वासाचा आकार कळतो. चांगला डीएम अशा निरीक्षणाला उत्तर देतोच.

तांबड्या प्रौढ ड्रॅगनची ही उत्तरं बघा, म्हणजे त्यांचा उपयोग कळेल. आर्मर क्लास (घाव लागण्यासाठी हल्ल्याने गाठायचा आकडा) 19, हिट पॉइंट 256. आग पूर्ण निकामी. सेव्हिंग थ्रोमध्ये कॉन्स्टिट्यूशनला (शरीराचा काटकपणा) +13, विस्डमला +7, डेक्स्टेरिटीला +6, आणि इंटेलिजन्सला फक्त +3. तुमच्या स्पेलचा डीसी (सेव्हने गाठायचा आकडा) 16 असेल तर कॉन्स्टिट्यूशनवाल्या स्पेलमधून हा 90 टक्के वेळा सुटतो, विस्डममधून 60 टक्के, डेक्स्टेरिटीतून 55 टक्के आणि इंटेलिजन्समधून 40 टक्के. अवाढव्य, ताकदवान मॉन्स्टरवर विष किंवा आजार टाकणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. तरीही प्रत्येक टेबलावर कुणीतरी ते टाकतंच.

सावधान: मॉन्स्टरचं पुस्तक टेबलाखाली उघडून आकडे बघू नका. डीएमच्या लक्षात येतं, आणि मग तो आकडे बदलतो. तसा त्याला अधिकार आहे.

टेहळणीसाठी फॅमिलियर (जादूगाराचा छोटा प्राणी) किंवा अदृश्य केलेला रोग (म्हणजे rogue, लपूनछपून काम करणारं पात्र) पाठवणार असाल तर आणखी एक गोष्ट. या ड्रॅगनला 60 फुटांच्या आत डोळ्यांशिवायही सगळं 'दिसतं', आणि त्याचं पॅसिव्ह पर्सेप्शन (मुद्दाम न शोधताही किती लक्षात येतं तो आकडा) 23 आहे. अदृश्य होऊन त्याच्या पायाशी जाणारा रोग अदृश्य नसतोच, फक्त त्याला स्वतःला तसं वाटत असतं. टेहळणी 60 फुटांबाहेरूनच.

## टप्पा 2: पाळ्यांचा हिशोब मांडा

चार जणांची पार्टी आणि एकटा मॉन्स्टर असेल तर आपल्याकडे चार कृती आणि त्याच्याकडे एक, असं वाटतं. हा भ्रम आहे. ड्रॅगनसारख्या मॉन्स्टरला तीन लेजेंडरी अ‍ॅक्शन असतात. दुसऱ्या कोणाची पाळी संपली की तो त्यातली एक वापरतो. शिवाय त्याच्या स्वतःच्या पाळीत एक चावा आणि दोन पंजे. चावा सरासरी 26, दोन पंजे मिळून 30, आणि तीनही लेजेंडरी अ‍ॅक्शन शेपटीवर घालवल्या तर आणखी 51. सगळं लागलं तर एका फेरीत शंभराच्या वर डॅमेज. पहिल्या पातळीवर टाकलेला हीलिंग वर्ड (लांबून बरं करणारी स्पेल) भरून काढतो सहा-सात हिट पॉइंट. घाव आणि मलम यांची शर्यत लावून ही लढाई जिंकता येत नाही, हे एकदा कागदावर बघितलं की पुढचं सगळं सोपं जातं.

आता आपली बाजू. अकराव्या पातळीचा फायटर, स्ट्रेंग्थ 20, साधी ग्रेटस्वोर्ड. हल्ल्याला +9, म्हणजे आर्मर क्लास 19 ला 55 टक्के घाव लागतात. तीन हल्ले, प्रत्येकी सरासरी 12. क्रिटिकल (फाशावर 20 पडला की बसणारे मोठे घाव) सोडून दिले तर फेरीला साधारण 20. एकट्याने 256 संपवायला त्याला तेरा फेऱ्या लागतील. त्यालाच प्रत्येक हल्ल्यावर दोन फासे टाकून मोठा आकडा धरायची सवलत, म्हणजे अ‍ॅडव्हान्टेज मिळालं तर घाव लागण्याची शक्यता 80 टक्क्यांवर जाते आणि काम नऊ फेऱ्यांवर येतं. कुणीतरी एक पाळी 'वाया' घालवून फेअरी फायर (शत्रूला उजळवून ही सवलत देणारी स्पेल) लावला आणि तो टिकला, तर तलवारीने मारणाऱ्या प्रत्येकाचं काम जवळपास दीडपट होतं. चौथा माणूस डॅमेज देत नाही म्हणून त्याच्याकडे तिरक्या नजरेनं बघणाऱ्यांनी हा हिशोब स्वतः करून पाहावा.

तपासा: प्रत्येकाने आपलं सरासरी फेरीमागचं डॅमेज काढलं का? चौघांची बेरीज करा आणि मॉन्स्टरच्या अंदाजे हिट पॉइंटना तिने भागा. उत्तर सहाच्या वर येत असेल तर समोरासमोर भिडायचा बेत सोडा आणि पुढचा टप्पा दोनदा वाचा.

## टप्पा 3: जागा आणि वेळ तुम्ही निवडा

मॉन्स्टरच्या घरात लढू नका. हे वाक्य सगळ्यांना माहीत असतं आणि कोणीच पाळत नाही, कारण खजिना घरात असतो.

घरात लढण्याचा तोटा आकड्यांत असा: आपल्या गुहेत असलेला लेजेंडरी मॉन्स्टर इनिशिएटिव्हच्या 20 व्या आकड्यावर लेअर अ‍ॅक्शन घेतो. म्हणजे दर फेरीला एक फुकटची कृती. त्याला बाहेर काढलं की ती गेली. शिकारीच्या वाटेवर, पाणी प्यायला येतो तिथे, किंवा चिडवून आणलेल्या एखाद्या घळीत त्याला गाठा.

मोकळं मैदान मात्र नको. 80 फूट उडणारा ड्रॅगन मैदानात तुमच्या टप्प्याबाहेर घिरट्या घालेल, श्वास सोडेल आणि परत वर जाईल. तुमचा फायटर खाली तलवार धरून उभा राहील. हवं ते असं: डोक्यावर छत किंवा दाट फांद्या, आणि जमिनीवर आडोसे. अर्धा आडोसा असेल तर आर्मर क्लास आणि डेक्स्टेरिटी सेव्ह दोन्हींना +2 मिळतात, पाऊण आडोसा असेल तर +5. पूर्ण आडोशामागे असाल तर श्वास तुमच्यापर्यंत पोहोचतच नाही. एका खांबाची किंमत कधीकधी एका जादुई चिलखताइतकी असते, आणि तो फुकट मिळतो.

वेळेचाही फायदा आहे. 2014 च्या नियमांत मॉन्स्टर बेसावध सापडला तर पहिल्या पाळीत त्याला हलता येत नाही, काही करता येत नाही, आणि ती पाळी उलटेपर्यंत लेजेंडरी अ‍ॅक्शनही वापरता येत नाहीत. एक अख्खी फेरी फुकट. 2024 च्या नियमांत बेसावध असण्याचा तोटा फक्त इनिशिएटिव्हवर डिसअ‍ॅडव्हान्टेज (दोन फाशांतला लहान आकडा धरणं) एवढाच उरला आहे. तुमच्या टेबलावर कोणता नियम चालतो हे दबा धरण्याआधी विचारा, दबा धरून झाल्यावर नाही.

## टप्पा 4: कामं वाटा, क्लास नव्हे

"तू क्लेरिक, म्हणजे तू बरं करणार" अशी वाटणी करू नका. कामं चार आहेत: मॉन्स्टरला जागेवर अडकवणं, त्याच्या साथीदारांना लढाईबाहेर ठेवणं, मुख्य डॅमेज देणं, आणि पडलेल्याला उठवणं. एकाकडे दोन कामं चालतील. पण उठवायचं काम दोघांकडे हवंच, कारण उठवणाराच आधी पडतो. हुशार मॉन्स्टर त्यालाच आधी गाठतो. हीलिंग वर्ड 60 फुटांवरून, मुख्य कृतीशिवायच्या छोट्या बोनस अ‍ॅक्शनमध्ये होतो. तो नसेल तर औषधाच्या बाटल्या वाटून ठेवा. 2014 च्या नियमांत बाटली प्यायला पूर्ण अ‍ॅक्शन जाते, 2024 मध्ये बोनस अ‍ॅक्शन. फरक लहान वाटतो, पण लढाईत तो एका हल्ल्याएवढा असतो.

यानंतर कॉन्सन्ट्रेशनचा, म्हणजे सतत लक्ष देऊन चालू ठेवाव्या लागणाऱ्या स्पेलचा तक्ता. प्रत्येक स्पेलकास्टर एका वेळी एकच कॉन्सन्ट्रेशनची स्पेल धरू शकतो. कोण काय धरणार ते कागदावर लिहा, नाहीतर क्लेरिक ब्लेस लावतो आणि दोन पाळ्यांनी दुसरी कॉन्सन्ट्रेशनची स्पेल टाकून स्वतःच तो पाडतो. माझ्या टेबलावर हे एका लढाईत दोनदा झालं. एकदा क्लेरिककडून, एकदा माझ्याकडून.

कॉन्सन्ट्रेशन टिकवायचा डीसी 10 किंवा बसलेल्या डॅमेजच्या निम्मा, जो मोठा असेल तो. ड्रॅगनचा श्वास सरासरी 63. पूर्ण बसला तर डीसी 31, म्हणजे स्पेल गेली समजा. सेव्ह होऊन अर्धा बसला तर डीसी 15, तेव्हा आशा आहे. म्हणून कॉन्सन्ट्रेशन धरणारा माणूस आडोशामागे. तो हिरो असला तरी.

सावधान: दहाव्या पातळीच्या, कॉन्स्टिट्यूशन 14 असलेल्या विझर्डचे हिट पॉइंट सरासरीने 62 असतात. वर श्वासाचा आकडा 63 आहे.

## टप्पा 5: स्पेल लावायचा क्रम

इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो, म्हणून सावकाश. लांब टिकणारं आधी, क्षणभर टिकणारं दारात.

सकाळीच, तळावर: हीरोज फीस्ट जमत असेल तर तो. 24 तास टिकतो, भीती लागत नाही आणि विस्डम सेव्हला अ‍ॅडव्हान्टेज मिळतं. ड्रॅगनसाठी याचं महत्त्व वेगळंच आहे. त्याची दहशत 120 फुटांपर्यंत जाते आणि विस्डमचा डीसी 19 असतो. विस्डम सेव्हला +1 असलेल्या फायटरला फाशावर 18 हवेत. घाबरलेला फायटर जवळ जाऊ शकत नाही आणि हल्ल्यांवर डिसअ‍ॅडव्हान्टेज घेतो. तुमचा मुख्य डॅमेजवाला एका फाशाने निम्मा होतो. फीस्ट परवडत नसेल तर पॅलॅडिनला (पवित्र योद्धा) फायटरच्या शेजारी ठेवा. दहाव्या पातळीपासून त्याच्या 10 फुटांच्या आत असलेल्या साथीदारांना भीती लागत नाही.

तळ सोडताना: एड (हिट पॉइंट वाढवणारी) आणि डेथ वॉर्ड (एकदा शून्यावर जाण्यापासून वाचवणारी). दोन्ही आठ तास, दोन्हींना कॉन्सन्ट्रेशन नाही. डेथ वॉर्ड फायटरला देण्याची सवय असते. माझ्या मते तो उठवणाऱ्याला द्या.

शेवटच्या वळणावर: तासभर टिकणाऱ्या गोष्टी. प्रोटेक्शन फ्रॉम एनर्जी (आगीसारखं एका प्रकारचं डॅमेज निम्मं करणारी) तासभर टिकतो पण कॉन्सन्ट्रेशन खातो, म्हणून तक्ता बघून ठरवा.

नजरेच्या टप्प्यात आल्यावर: ब्लेस, हेस्ट वगैरे एका मिनिटाच्या गोष्टी. एक मिनिट म्हणजे दहा फेऱ्या. दोन वळणं आधी लावलात तर लढाई सुरू व्हायच्या आत संपतील.

सावधान: बहुतेक स्पेल मोठ्याने उच्चाराव्या लागतात. दाराला कान लावून पाच स्पेल म्हटल्या तर आतल्याने ऐकलं असं डीएमने म्हणणं रास्त आहे. आणि मग टप्पा 3 मधली बेसावध गाठण्याची सगळी मेहनत पाण्यात.

## टप्पा 6: पहिली फेरी

पहिली गोष्ट, पांगा. ड्रॅगनचा श्वास 60 फूट लांबीच्या शंकूत जातो, आणि शंकू ड्रॅगनपासून जितका लांब तितकाच रुंद असतो. 30 फुटांवर 30 फूट रुंद, 60 वर 60. म्हणजे त्याच्यासमोर लांब उभं राहून एकमेकांपासून 20 फुटांचं अंतर ठेवलं तरी दोघे एकाच श्वासात सापडता. खरा बचाव त्याच्या दोन विरुद्ध बाजूंना उभं राहण्यात आहे. एका श्वासात एकच बाजू जळते.

दुसरी गोष्ट, त्याचे लेजेंडरी रेझिस्टन्स. दिवसातून तीन वेळा तो नापास झालेला सेव्ह सरळ पास करून घेतो. तुमची सगळ्यात मोठी स्पेल पहिल्या पाळीत टाकली तर ती इथे विरते. त्यामुळे आधी अशा स्पेल टाका ज्या स्वस्त आहेत पण डीएमला सोडवत नाहीत. फेअरी फायर उत्तम. पहिल्या पातळीची, आणि अडवली तरी फायदा, नाही अडवली तरी फायदा. उडणाऱ्याला खाली खेचणारी अर्थबाइंड दुसऱ्या पातळीची, तिच्यावर डीएम हमखास रेझिस्टन्स खर्च करतो. कागदावर तीन चौकोन काढा आणि एकेक खोडा. तिसरा खोडला गेला की होल्ड मॉन्स्टरसारखी, जागेवर जखडणारी मोठी स्पेल बाहेर. ती लागली तर 5 फुटांच्या आतून लागलेला प्रत्येक घाव क्रिटिकल होतो, आणि मॉन्स्टरच्या लेजेंडरी अ‍ॅक्शनही बंद पडतात, कारण अगतिक अवस्थेत त्या घेता येत नाहीत.

ज्या स्पेलना सेव्हच नसतो त्यांना रेझिस्टन्स लागू पडत नाही. वॉल ऑफ फोर्सने (जादूची अभेद्य भिंत) ड्रॅगनच्या साथीदारांना भिंतीपलीकडे टाका, ड्रॅगन काही करू शकत नाही.

नेहमीची एक चूक इथेच होते. फायटर म्हणतो, "तो खाली आला की मी हल्ला करीन," आणि हल्ला राखून ठेवणारी रेडी अ‍ॅक्शन घेतो. ठेवलेला हल्ला दुसऱ्याच्या पाळीत होतो, आणि एका पाळीत अनेक हल्ले देणारा एक्स्ट्रा अ‍ॅटॅक फक्त स्वतःच्या पाळीत चालतो. तीनऐवजी एकच हल्ला. उडणाऱ्या मॉन्स्टरविरुद्ध फायटरकडे चांगलं धनुष्य हवंच, नावडतं असलं तरी.

तपासा: पहिल्या फेरीच्या शेवटी कोणी दोघे एकाच बाजूला आहेत का? रेझिस्टन्सचे किती चौकोन खोडले? कॉन्सन्ट्रेशन कोणाचं शाबूत आहे?

## टप्पा 7: मधल्या फेऱ्या

श्वास वापरून झाला की डीएम ड्रॅगनच्या प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला एक सहाबाजूंचा फासा टाकतो. 5 किंवा 6 पडला की श्वास परत. पुढच्याच पाळीत परत येण्याची शक्यता एक तृतीयांश, दोन पाळ्यांत 56 टक्के, तीन पाळ्यांत 70 टक्के. म्हणजे श्वास सोडल्यानंतरची फेरी ही जवळ जाऊन मारायची फेरी. दोन फेऱ्या उलटल्या आणि श्वास आलेला नसेल तर पुन्हा पांगायला सुरुवात करा. लोक उलट करतात. श्वास बसला की घाबरून लांब जातात आणि तो परत यायच्या वेळी हिंमत गोळा करून एकत्र येतात.

जवळ जाणाऱ्यांनी पंखांचा फटका लक्षात ठेवावा. दोन लेजेंडरी अ‍ॅक्शन खर्चून ड्रॅगन 10 फुटांतल्या सगळ्यांना पाडू शकतो आणि मग उडून जातो. पुढे तिघे नकोत. एक पुरे, फार तर दोन.

पडलेल्याला कधी उठवायचं, यावर टेबलांवर भांडणं होतात. नेहमीचा सल्ला असा की शून्यावर गेल्यावरच हीलिंग वर्ड टाका, त्याआधी बरं करण्यात पाळी घालवू नका. लहान शत्रूंसमोर तो बरोबर आहे. मोठ्या मॉन्स्टरसमोर आधी एक गोष्ट बघा: हा डीएम पडलेल्यांवर मॉन्स्टरचे हल्ले करतो का? बेशुद्ध माणसावर 5 फुटांच्या आतून लागलेला घाव आपोआप क्रिटिकल असतो आणि मृत्यूच्या चाचणीतली दोन अपयशं एकदम देतो. तिसरं अपयश म्हणजे मरण. चावा आणि दोन पंजे असणाऱ्याला हे एका पाळीत सहज जमतं. असा डीएम असेल तर माणूस पडायच्या आधीच त्याला सावरा, किंवा ओढून मागे न्या.

कोणी मेलंच तर रिव्हिव्हिफाय (मेलेल्याला परत आणणारी स्पेल) एका मिनिटाच्या आत व्हायला हवा आणि त्याला 300 सोन्याच्या नाण्यांचे हिरे लागतात. ते हिरे मेलेल्याच्याच पिशवीत असण्याचा प्रसंग मी पाहिला आहे. दोघांकडे वेगवेगळे ठेवा.

## मध्येच: काही मॉन्स्टर, काही वेगळ्या खुब्या

ट्रोल दर पाळीच्या सुरुवातीला 10 हिट पॉइंट परत मिळवतो. आग किंवा अ‍ॅसिड लागलं की पुढच्या एका पाळीपुरतं ते थांबतं. म्हणून दर फेरीला थोडी आग हवी. पहिल्याच फेरीत सगळी संपवू नका.

हायड्राचं (अनेक डोक्यांची राक्षसी) एक डोकं एकाच पाळीत 25 किंवा जास्त डॅमेज बसलं की मरतं, आणि तिच्या पाळीच्या शेवटी एकाच्या जागी दोन उगवतात. मधल्या काळात आग लागलेली असेल तर उगवत नाहीत. त्यामुळे आगवाला इनिशिएटिव्हमध्ये तलवारवाल्यानंतर आला तरी चालतो, पण हायड्राच्या आधी यायला हवा.

बिहोल्डरबद्दल (हवेत तरंगणारा, अनेक डोळ्यांतून किरण सोडणारा गोळा) लोक फार घाबरतात आणि चुकीच्या गोष्टीला घाबरतात. त्याच्या मधल्या डोळ्यातून 150 फुटांचा शंकू निघतो आणि त्यात जादू बंद पडते. त्याची स्वतःची किरणंही त्या शंकूत चालत नाहीत. म्हणजे त्याने फायटरकडे तोंड केलं तर फायटर किरणांपासून सुरक्षित, आणि पाठीमागचा विझर्ड स्पेल टाकायला मोकळा. दोन बाजूंनी गाठा. शिवाय किरणांचा पल्ला 120 फूट आहे, लाँगबोचा साधा पल्ला 150, आणि हा उडतो फक्त 20 फुटांनी. मोकळ्या जागेत सापडला तर धनुष्यवाल्यांची चैन असते, म्हणूनच तो सहसा मोकळ्यात सापडत नाही.

पाथफाइंडर या अशाच दुसऱ्या खेळाची दुसरी आवृत्ती खेळत असाल तर काही गोष्टी वेगळ्या आहेत. तिथे आर्मर क्लासच्या वर 10 ने गेलात तर क्रिटिकल होतं, त्यामुळे एका गुणाचा फायदाही मोठा ठरतो. तिसऱ्या अ‍ॅक्शनमध्ये उणे 10 चा हल्ला मारण्यापेक्षा धमकावून मॉन्स्टरला घाबरवणं बरं. आणि ज्या स्पेलवर 'इन्कपॅसिटेशन' लिहिलेलं आहे ती स्पेलच्या पातळीच्या दुपटीहून वरच्या पातळीच्या मॉन्स्टरवर टाकू नका. तिचा परिणाम एक पायरी हलका होतो.

## टप्पा 8: माघारीची रेघ आधी आखा

माघार घ्यायचं ठरतं तेव्हा दोघे पडलेले असतात, आणि त्यांना उचलून पळणं जमत नाही. म्हणून रेघ लढाईच्या आधी आखा आणि मोठ्याने बोलून ठेवा: "उठवणाऱ्यांपैकी एक पडला, किंवा तिसऱ्या फेरीच्या शेवटी मॉन्स्टर निम्म्यावर आला नसेल, तर निघायचं." टेबलावर एकाला हे म्हणायचा अधिकार द्या, आणि त्याने म्हटलं की वाद घालायचा नाही. वादात आणखी एक फेरी जाते.

पळण्याचा हिशोब सोपा आणि क्रूर आहे. तुम्ही एका फेरीत धावून 60 फूट, ड्रॅगन नुसता उडून 80, आणि डॅश केला तर 160. पायांनी सुटका नाही. म्हणून ज्यातून तो येऊ शकणार नाही असा अरुंद बोगदा आधीच हेरून ठेवा, किंवा डायमेन्शन डोअर (क्षणात दूर नेणारी स्पेल) राखून ठेवा. ती स्वतःला आणि आणखी एकालाच नेते. चौघांसाठी दोन स्पेलकास्टरच्या मिळून दोन लागतात, हे पहिली वापरल्यावर आठवून उपयोग नाही. धूर किंवा अंधार करून निसटणं या ड्रॅगनपुढे चालत नाही. 60 फुटांचा नियम टप्पा 1 मध्ये आला आहे.

## टप्पा 9: खरंच मेला का?

ट्रोल शून्यावर गेला आणि आग नव्हती, तर पुढच्या पाळीला तो उठून बसतो. जाळा, मग खिसे तपासा.

व्हॅम्पायर आपल्या विश्रांतीच्या जागेबाहेर शून्यावर आला की धुकं होऊन निघून जातो. ऊन किंवा वाहतं पाणी असेल तर तसं होता येत नाही, आणि तिथेच संपतो. धुक्याला दोन तासांत शवपेटी गाठावी लागते. म्हणजे लढाईच्या आधीच शवपेटी शोधलेली असेल तर ती दोन तासांची शर्यत तुमची. नसेल शोधली, तर आठवडाभराने तो तुम्हाला शोधत येतो आणि या वेळी तयारी त्याची असते.

लिचची (मरणानंतरही उरलेला जादूगार) फिलॅक्टरी, म्हणजे आत्मा ठेवलेली वस्तू, शाबूत असेल तर 1 ते 10 दिवसांत त्याला नवं शरीर मिळतं, फिलॅक्टरीपासून 5 फुटांच्या आत आणि पूर्ण हिट पॉइंटसकट. आमच्या एका पार्टीने लिच मारला, त्याच्या खजिन्यातली सुंदर पेटी उचलली, आणि सहा दिवस ती घोडागाडीत ठेवून प्रवास केला. सातव्या रात्री पहाऱ्यावर मीच होतो.